तीन दिवस झाली नाही : वृद्धाश्रमात बद्धकोष्ठतेची तपासणी कशी करावी

पुष्कळ वृद्धाश्रमांच्या रजिस्टरात शौचासाठी एक अरुंद रकाना आखलेला असतो. सकाळच्या पाळीची मावशी त्यात बरोबरची खूण किंवा फुली करते, आणि लागोपाठ तीन फुल्या पडल्या की त्या रात्री जुलाबाची गोळी किंवा दुसऱ्या दिवशी एनिमा हे ठरून गेलेले असते. ही रीत सोयीची असली तरी तिच्यात तपासणी कोठेच नाही. शौच किती वेळा झाली एवढेच त्या रकान्यावरून कळते; ती कशी झाली, किती झाली, त्यासाठी किती कुंथावे लागले आणि मुळात ती का अडली, यांपैकी काहीही कळत नाही. पुढील विवेचन आश्रमातील परिचारिका, काळजीवाहक आणि व्यवस्थापक यांच्यासाठी आहे. निदान आणि औषध डॉक्टरांनीच ठरवायचे असते हे खरे. परंतु आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना दिसते ते आपण नोंदवून ठेवलेलेच, म्हणून तपासणीचा मोठा भाग आपल्याच हातात असतो.

प्रथम बद्धकोष्ठता कशाला म्हणावे ते पक्के करू. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा एवढ्या पट्ट्यात कोणाचेही शौचाचे मान असू शकते आणि ते निरोगीच असते; त्यामुळे आयुष्यभर एक दिवसाआड शौचाला जाणाऱ्या आजोबांना एका फुलीवरून रुग्ण ठरवू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रोम-४ या पचनविकारांच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पुढील सहा बाबींपैकी किमान दोन असाव्या लागतात : चारपैकी एकाहून अधिक वेळा कुंथावे लागणे, तितक्याच वेळा कडक किंवा खड्यांसारखा मल होणे, पोट पूर्ण साफ न झाल्यासारखे वाटणे, गुदद्वाराशी काही अडल्यासारखे वाटणे, बोटाने मल काढावा लागणे किंवा हाताने दाब द्यावा लागणे, आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा आपोआप शौच होणे. हा त्रास मागील तीन महिने सतत असावा आणि त्याची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी अशीही अट आहे. ध्यानात घेण्याजोगे हे की सहांपैकी फक्त एकच बाब मोजणीची आहे. रोज शौचाला जाणारी, पण प्रत्येक वेळी अर्धा तास बसून चार खडे टाकणारी व्यक्तीही बद्धकोष्ठतेचीच रुग्ण असते आणि आपल्या रकान्यात मात्र तिच्यासमोर रोज बरोबरची खूण दिसते. शिवाय यांतील काही बाबी त्या व्यक्तीने स्वतः सांगाव्या लागतात. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा पक्षाघाताने वाचा गेलेल्या रहिवाशांच्या बाबतीत हे निकष तसेच्या तसे लावता येत नाहीत. तेथे आपल्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दाखल होताना

पहिली नोंद रहिवासी आश्रमात येतो त्याच दिवशी व्हावी, कारण पूर्वीचे मान माहीत नसेल तर बदल ओळखता येत नाही. नातेवाइकांना नुसते "पोट साफ होते का?" असे विचारले तर "हो, तसे होते" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे : घरी कोणत्या वेळी जात असत, चहाच्या आधी की नंतर, भारतीय पद्धतीच्या संडासात की कमोडवर, किती वेळ बसत, कोणते चूर्ण घेत. रहिवाशाशी बोलताना त्यांच्या तोंडातला शब्द वापरावा; "परसाकडे झाली का?" या प्रश्नाला जे आजोबा मोकळेपणी उत्तर देतात, तेच "मोशन" शब्दाला नुसती मान हलवतात. मूळव्याध, भगेंद्र, पोटाची शस्त्रक्रिया, गर्भाशय खाली सरकणे, थायरॉइड, मधुमेह, कंपवात, नैराश्य हे सर्व याच वेळी लिहून घ्यावे.

दोन गोष्टी विचारायला संकोच वाटतो, तरी त्या विचाराव्यातच. पहिली तंबाखूची. मशेरी लावल्याशिवाय किंवा चिमूट तोंडात टाकल्याशिवाय शौचाला होत नाही अशी सवय असलेली पुष्कळ वृद्ध माणसे महाराष्ट्रात आहेत. आश्रमात आल्यावर तंबाखू एकाएकी बंद होते आणि त्याच सुमारास शौचही अडते; हा संबंध कोणी विचारलाच नाही तर उगाच इतर कारणांचा शोध चालू राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे उशाशी किंवा कपाटात ठेवलेला चूर्णाचा डबा. बाजारातील पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सेन्नाच्या गोळीतही तीच असते. एकीकडून चूर्ण व दुसरीकडून गोळी असे दुहेरी औषध सुरू असेल तर कागदावरची मात्रा निरर्थक ठरते. डबा जप्त करण्याची गरज नाही; वेष्टनावरील घटक वाचून ते औषधांच्या यादीत लिहावेत.

रजिस्टरात काय लिहावे

मलाचे स्वरूप लिहिण्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरावा. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात तयार झालेल्या आणि १९९७ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यात मलाचे सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या, कडक लेंड्या. दुसरा लांबट पण गाठी गाठींचा. तिसरा लांबट, वर भेगा असलेला. चौथा लांबट, गुळगुळीत व मऊ. पाचवा कडा स्पष्ट असलेले मऊ तुकडे. सहावा फाटक्या कडांचा लगदा. सातवा निव्वळ पाणी. पहिला व दुसरा प्रकार म्हणजे मल आतड्यात फार काळ राहिला असे समजावे. तिसरा व चौथा समाधानकारक. या तक्त्याचे चित्र संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवल्यास फारसे शिक्षण नसलेली मावशीसुद्धा दोन दिवसांत आकडा अचूक सांगू लागते. "कडक झाली" किंवा "बरी झाली" यापेक्षा तो आकडा कितीतरी विश्वासार्ह असतो.

नोंद कशी असावी याचा नमुना असा : "सकाळी ६.४०. चहानंतर. कमोड खुर्चीवर. प्रकार २, मूठभर. दहा मिनिटे कुंथल्या. रक्त नाही. उठताना 'राहिल्यासारखे वाटते' म्हणाल्या. रात्री लॅक्टुलोज दिले होते." (लॅक्टुलोज म्हणजे मल मऊ करणारे औषध.) एवढे लिहायला अर्धे मिनिट लागते. शौच झाली नसेल तर रकाना कोरा न सोडता "झाली नाही" असे लिहावे; कोऱ्या रकान्यावरून शौच झाली नाही की नोंद राहिली, हे पुढच्या पाळीला समजत नाही. बारा तासांच्या पाळ्यांत काम करणाऱ्या ब्यूरोच्या काळजीवाहकांकडून तोंडी माहिती पुढे जाताना हमखास गळते, म्हणून पाळी बदलताना हे पान दोघींनी मिळून पाहण्याची शिस्त लावावी. असा तक्ता निदान एक आठवडा, आणि शक्य असल्यास दोन आठवडे भरला म्हणजे त्यावरून काही निष्कर्ष काढता येतो.

सर्वांत अपुरी नोंद असते ती स्वतः चालत संडासात जाणाऱ्या रहिवाशांची. ते स्वतःच पाणी ओततात आणि विचारले की लाजेखातर "झाली" म्हणतात. अशांना रोज ठरावीक वेळी, इतरांच्या देखत नव्हे, एकाच व्यक्तीने विचारावे आणि चित्रावर बोट ठेवायला सांगावे.

पातळ होते म्हणून फसू नये

या विषयात सर्वाधिक गफलत होते ती येथे. समजा, अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या डायपरला दिवसातून सहा-सात वेळा तपकिरी, दुर्गंधीयुक्त पाणी लागते आहे. रजिस्टरात सहा-सात खुणा पडतात, "हगवण लागली" असा निरोप जातो आणि लोपेरामाइडची गोळी सुरू होते. प्रत्यक्षात गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, कडक मलाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या मागचा पातळ मल बाजूने झिरपत असतो. जुलाब थांबवण्याच्या गोळीने आतड्याची हालचाल आणखी मंदावते व गोळा अधिकच घट्ट बसतो.

म्हणून पहिला नियम असा की डायपरवरील डाग ही शौच म्हणून मोजू नये; त्याची नोंद "डाग" अशी वेगळी करावी. दुसरा नियम असा की कोणालाही पातळ होऊ लागले की मागची पाने उलटून शेवटची घट्ट व पुरेशी शौच कोणत्या तारखेला झाली ते शोधावे. ती तारीख आठ-दहा दिवस मागे सापडली, पोट फुगलेले असले, भूक गेलेली असली आणि पाणी थोडे थोडे, नकळत गळत असले, तर गुदाशय तपासल्याखेरीज जुलाब थांबवण्याचे औषध देऊ नये. याचा अर्थ प्रत्येक पातळ शौच अशीच असते असा नव्हे. जंतुसंसर्ग असू शकतो, रेचकाची मात्रा अधिक झालेली असू शकते, नुकत्याच दिलेल्या प्रतिजैविकामुळेही जुलाब होतात. एकाच वेळी तीन-चार रहिवाशांना सुरू झाले तर संसर्गाचाच विचार आधी करावा.

जे सांगू शकत नाहीत त्यांचे

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची बद्धकोष्ठता वागणुकीतून दिसते. दुपारपासून येरझाऱ्या घालणे, कपड्यांशी चाळा करणे, पोटावर हात दाबून धरणे, जेवणाचे ताट ढकलणे, कूस बदलताना किंवा स्वच्छ करताना मावशीचा हात झिडकारणे, बोटाने मल काढण्याचा प्रयत्न करणे आणि मग ते बोट भिंतीला किंवा चादरीला पुसणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. शेवटच्या प्रकाराला "घाण करतात" असे म्हणून रागावले जाते. वास्तविक ती अडलेल्या माणसाची धडपड असते. काल बरी असलेली व्यक्ती आज एकाएकी भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर ताप, लघवीचा संसर्ग, औषधे यांच्या बरोबरीने शौचाचा तक्ताही पाहावा, आणि शांत करणारी गोळी मागण्याआधी पाहावा, कारण त्यांपैकी काही गोळ्या स्वतःच बद्धकोष्ठता वाढवतात. गुदाशय भरलेला असला की लघवीही तुंबते किंवा थेंब थेंब गळते, म्हणून ओटीपोट फुगलेले दिसल्यास शेवटची लघवी केव्हा झाली हेही विचारावे.

अंगावरची तपासणी

सुरुवात तोंडापासून करावी. जीभ कोरडी आहे का, कवळी बसते का, घास चावता येतो का? कवळी डबीतच पडून असेल तर ती व्यक्ती भाकरी, कोशिंबीर, पेरू सोडून मऊ भात आणि चहा-बिस्किटावर आलेली असते, आणि तंतुमय आहार का घटला याचे उत्तर तेथेच मिळते. नंतर रहिवाशाला उताणे झोपवून, गुडघे किंचित दुमडून पोट पाहावे : फुगले आहे का, जुन्या शस्त्रक्रियेचे व्रण आहेत का, हळुवार दाबल्यावर चेहरा आक्रसतो का. डाव्या बाजूस खाली कडक, लांबट गोळा हाताला लागणे हे मल साठल्याचे चिन्ह असते.

गुदाशयाची बोटाने तपासणी डॉक्टरांनी किंवा तिचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेनेच करावी. काळजीवाहकाने करू नये. आधी समजावून सांगून संमती घ्यावी, पडदा लावावा, दुसरी व्यक्ती सोबत असावी. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवावे आणि आधी नुसते बाहेरून पाहावे, कारण चीर पडलेली असेल किंवा मूळव्याधीचा कोंब सुजलेला असेल तर वेदनेच्या भीतीने मल रोखून धरणे हेच कारण निघते. वंगण लावलेल्या बोटाला आत काय लागते ते लिहावे : कडक मल, मऊ मल की रिकामे. मऊ मलाने भरलेला गुदाशय म्हणजे मल कडक नाही, पण बाहेर ढकलला जात नाही, आणि तेथे मल मऊ करणारे औषध वाढवून उपयोग नसतो. गुदाशय रिकामा लागला म्हणून बद्धकोष्ठता नाही असेही ठरत नाही. मल वरच्या भागात अडलेला असू शकतो. रक्तस्राव होत असेल, त्या भागाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील किंवा हृदयविकार गंभीर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही तपासणी करू नये. मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्या व्यक्तीचा रक्तदाब या तपासणीने धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो.

कारण शोधताना

औषधांची चिठ्ठी नव्हे, औषधांची पेटी समोर घेऊन बसावे. वेदनाशामकांपैकी ट्रामाडॉल, कोडीन व मॉर्फिन, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे व सुक्राल्फेट, कंपवातावरील ट्रायहेक्सीफेनिडिल, नैराश्यावरील अमिट्रिप्टिलीन, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेले ऑक्सिब्युटिनिन किंवा सॉलिफेनॅसिन, ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी मानसिक आजारावरील औषधे, रक्तदाबावरील व्हेरापामिल, लघवी वाढवणारी औषधे, इतकेच काय, सर्दीच्या साध्या गोळीतील क्लोरफेनिरामिनसुद्धा शौच अडवू शकते. वेदनेसाठी कातडीवर लावलेली ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेन्टानिलची पट्टी पेटीत नसते, म्हणून ती हमखास नजरेतून सुटते. प्रत्येक औषध केव्हा सुरू झाले ती तारीख शौचाच्या तक्त्याशेजारी ठेवली की बऱ्याचदा वेगळे काही शोधावे लागत नाही. औषध मात्र आपण होऊन बंद करू नये.

पाण्याचा हिशेब घोटांवर न सोडता तांब्या मोजून ठेवावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मर्यादित केले नसेल, तर दिवसभरात सर्व पेये मिळून दीड लिटरच्या आसपास पोटात जावे. वृद्धांना तहान कमी लागते हे एक कारण. आणि रात्री उठवावे लागेल, मावशी चिडेल म्हणून ते मुद्दाम पाणी टाळतात हे दुसरे, जे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. उपवासाचे दिवसही आहाराच्या नोंदीत दाखवावेत. एकादशी, सोमवार आणि चतुर्थी धरणाऱ्या आजींच्या महिन्यातील बरेच दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर जातात.

यानंतर प्रत्यक्ष संडास पाहायला जावे, आणि रहिवासी बसलेले असताना पाय कोठे टेकतात ते पाहावे. जन्मभर उकिडवे बसलेल्या व्यक्तीला उंच कमोडवर बसवले आणि पाय लोंबकळत राहिले तर जोर करता येत नाही. पायाखाली घट्ट बसणारे बुटके स्टूल देऊन गुडघे कमरेपेक्षा वर आले की फरक पडतो. दाराला आडोसा आहे का, पकडायला दांडी आहे का, मावशी समोर उभी राहून "झाले का?" विचारत असते का, हे सर्व लिहावे. वेळेचा प्रश्न तर माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतरच्या अर्ध्या तासात आतड्याची हालचाल सर्वांत जोरदार असते, आणि नेमकी तीच वेळ आश्रमांत अंघोळी, चादरी बदलणे आणि औषधे वाटणे यांत जाते. कळ येते तेव्हा कोणी नेत नाही आणि नेतात तेव्हा कळ गेलेली असते. अशा ठिकाणी दोष आतड्याचा नसून वेळापत्रकाचा असतो, आणि तपासणीच्या कागदावर तसे लिहायला कचरू नये.

तातडी केव्हा

पोट झपाट्याने फुगणे, उलट्या होणे आणि वारासुद्धा न सरणे ही आतडे अडल्याची किंवा त्याला पीळ पडल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी रेचक किंवा एनिमा न देता रुग्णालयात हलवावे. असह्य पोटदुखी, ताप, पोट लाकडासारखे कडक होणे यांसाठीही तेच. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, नव्याने पंडुरोग (रक्तक्षय) आढळणे किंवा वर्षानुवर्षांची सवय अलीकडे अचानक बदलणे, यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. त्यांची नोंद होताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लोहाच्या गोळ्यांनी मल काळसर होतो, पण तो डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा असेल तर पोटातील रक्तस्राव गृहीत धरावा.

डॉक्टरांना काय सांगावे

"आजींना तीन दिवस झाली नाही, काय देऊ?" या फोनला उत्तरही एका गोळीचेच मिळते. त्याऐवजी असे सांगावे : नेहमीचे मान काय, शेवटची पुरेशी शौच केव्हा व कोणत्या प्रकारची, डाग पडतात का, पोट कसे आहे, वारा सरतो का, उलटी आहे का, गुदाशयात काय लागले, कोणते औषध नवीन सुरू झाले, पाणी किती जाते आणि आतापर्यंत कोणते रेचक किती दिले. यावरून थायरॉइड, कॅल्शियम, पोटॅशियम, साखर, मूत्रपिंड किंवा रक्ताच्या तपासण्या हव्यात का हे डॉक्टर ठरवू शकतात. पोटाचा एक्स-रे प्रत्येकाला लागत नाही. आतडे अडल्याची शंका असेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

उपाय निवडतानाही ही नोंद कामी येते. इसबगोल घरगुती म्हणून निर्धास्तपणे दिले जाते. परंतु जी व्यक्ती पुरेसे पाणी पीत नाही, अंथरुणावर पडून आहे किंवा जिला गिळताना त्रास होतो, तिच्या बाबतीत ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते, आणि मल आधीच घट्ट बसलेला असताना ते देऊच नये. गिळताना ठसका लागणाऱ्याला लिक्विड पॅराफिन दिल्यास ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मूत्रपिंड कमकुवत असलेल्या वृद्धांत फॉस्फेटचा एनिमा रक्तातील क्षारांचे संतुलन गंभीरपणे बिघडवू शकतो, म्हणून क्रिॲटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, शेवटचा अहवाल हाताशी ठेवूनच त्याविषयी विचारावे.

उपाय सुरू झाल्यावर तक्ता बंद करू नये. तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे, आणि पाहताना केवळ शौच झाली का एवढे नव्हे, तर प्रकाराचा आकडा चढला का, कुंथणे घटले का, डाग थांबले का, जेवण सुधारले का हे ताडावे. प्रकार सहा किंवा सात येऊ लागला तर रेचकाची मात्रा अधिक झाली की मल पुन्हा अडकून बाजूने झिरपतो आहे, हा प्रश्न नव्याने सोडवावा. आकडा तीन-चारवर स्थिरावला की मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. मात्र मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल सुरू असेपर्यंत रेचकही सुरूच ठेवावे लागते, कारण त्या औषधांचे इतर काही त्रास सवयीने कमी होतात, पण शौच अडवण्याचा त्यांचा परिणाम सहसा कमी होत नाही.